संभाजीनगरचं व्हीलचेअर अन् दिव्यांगांच्या गाड्यांचं प्रदर्शन, बसून अन् चालवून बघितलं ते सगळं

पहिलंच सांगतो, घरात खुर्चीवरचं माणूस असेल, कुबडी-कॅलिपरवालं (कॅलिपर म्हणजे अधू पायाला बांधायचा आधाराचा सांगाडा) असेल नाहीतर गुडघे गेलेली म्हातारी माणसं असतील तर असलं प्रदर्शन आपल्या भागात लागल्यावर एक रजा टाका आणि जा. आणि ज्याच्यासाठी सामान बघायचंय त्यालाच घेऊन जा, "तुम्ही कशाला त्रास घेता, मी फोटो काढून आणतो" असलं काही करू नका, कारण इथं सगळा खेळ बसून बघण्याचा आहे. संभाजीनगरला बीड बायपासच्या एका मंगल कार्यालयात हे दोन दिवस होतं, एन्ट्री फुकट, दारात नाव आणि मोबाइल नंबर लिहून घेतात (आणि मग फोन करून करून डोकं उठवतात, ते वेगळं).

आम्ही चौघं गेलो होतो, मी, ताई, दाजी आणि चुलतभाऊ. मी स्वतः पोलिओवाला, उजव्या पायात कॅलिपर, साइड व्हीलच्या ॲक्टिव्हावर फिरतो. दाजींचा मोटर रिवायंडिंगचा धंदा, विहिरीत पाणबुडी मोटर सोडताना वरून पडले, मणक्याला मार बसला आणि कमरेखालचं सगळं गेलं. धंदा अजून चालूच आहे, फक्त आता मोटर त्यांच्याकडं येते, ते मोटरीकडं जात नाहीत. गेवराईकडून चुलतभावाच्या वॅगनआरमधी शहागड, पाचोड, आडूळ करत गेलो, कारण बसमधी सवलत ७५ टक्के असली तरी पायरीची उंची काही ७५ टक्क्यानं कमी होत नाही.

आता हे वेगळं का वाटलं ते सांगतो. आपल्याकडं आजवर जे बघितलं ते वाटप शिबिर. मांडव, बॅनर, पाहुणे दोन तास लेट, मग नाव पुकारतात, खुर्ची देतात, पाहुण्यासोबत फोटो आणि पुढचा नंबर. मी शिबिरांना नावं ठेवायलो नाही, दिव्यांगांना असलं सामान द्यायची केंद्राची एडिप योजना १९८१ पासूनची आहे, ते सामान बनवणारा कानपूरचा अलिम्कोचा सरकारी कारखाना १९७२ चा, आणि खेड्यापाड्यात हातानं फिरवायच्या ज्या तीनचाकी सायकली दिसतात त्यातल्या कितीतरी तिथूनच आल्यात. माझं पहिलं कॅलिपर पण शिबिरातलंच. पण तालुक्याच्या एका शिबिरात दाजींना जी खुर्ची दिली ती १८ इंची, तिथं आलेल्या सगळ्यांनाच १८ इंची, ९० किलोच्या माणसाला तीच आणि दहावीतल्या पोरीला तीच. "तुमचं माप काय" असं कोणी विचारलंच नाही आणि आपल्यालाही कुठं माहीत होतं की खुर्चीला माप असतं.

इथं आत गेल्या गेल्या उजव्या हाताला एक टेबल होतं, वर काही शोभेचं नाही, दोन फिजिओथेरपीच्या पोरी, एक लाकडी बाकडं आणि मापाचा टेप. बाकी स्टॉलला लायटिंग, मोठे टीव्ही, गर्दी, आणि या टेबलापाशी कोणीच नाही. आम्ही पण पुढंच चाललो होतो, त्या पोरीनंच हाक मारली, "काका, खुर्ची तुम्हाला मोठी होतेय." दाजी म्हणले, "मोठीच बरी की, ऐसपैस." मग तिनं त्यांना बाकड्यावर घेतलं आणि माप घेतलं. कमरेची रुंदी, पाठीपासून गुडघ्याच्या मागपर्यंत, गुडघ्यापासून टाचेपर्यंत, आणि हात खाली सोडल्यावर बोटं चाकाच्या कुठं येतात ते. दाजींचं निघालं १५ इंच. म्हणजे १८ इंचीत दोन्ही बाजूला दीड-दीड इंच मोकळं, त्यामुळं माणूस एका बाजूला कलून बसतो, मणका वाकडा होतो, चाकाला हात घालायला खांदे बाहेर फेकावे लागतात. दाजींचा उजवा खांदा किती दिवसापासून दुखायलाय, आम्ही तेल चोळायलोय, गोळ्या आणायलोय, आणि कारण खुर्चीत. सीटची खोलीपण जास्त होती, गुडघ्याच्या मागं दोन बोटं जागा पाहिजे म्हणे, नाहीतर माणूस पुढं सरकत सरकत येतो आणि कमरेच्या हाडावर बसतो.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. त्या पोरीनं विचारलं, "घरात बाथरूमचं दार किती रुंद आहे?" आता हे कोणाला माहीत असतं! ताईनं लगेच भाच्याला फोन लावला, टेप घेऊन न्हाणीच्या दाराशी उभा केला, व्हिडिओ कॉलवर माप दाखवलं, चौकटीच्या आतून २३ इंच. आणि साधी १८ इंची खुर्ची बाहेरून बाहेर २५-२६ इंच भरते. म्हणजे दाजी स्वतःच्या न्हाणीत खुर्चीसकट कधी जाऊच शकत नव्हते, दाराशी खुर्ची लावायची, ताई आणि भाचा दोघांनी उचलून आत न्यायचं, रोज. आम्ही तर दार फोडून मोठं करायचं एस्टिमेट काढलेलं, गवंडी म्हणला होता बाजूला कॉलम आहे, अवघड जातंय. आणि ही पोरगी म्हणते, १५ इंचाची ॲक्टिव्ह खुर्ची घेतली की बाहेरून २२ इंच होते, जाईल. बोटं घासतील म्हणून तिथं चाक नाही फिरवायचं, चौकट धरून ओढून घ्यायचं. तिनं दोन टेबलं २३ इंचावर लावून दाजींना डेमोच्या खुर्चीत बसवून आतून काढलं पण. ताई तिथंच गप झाली, नंतर मला म्हणली, "एवढ्या दिवसात एकाही डॉक्टरनं दाराचं माप विचारलं नाही रे."

मला विचाराल तर अख्ख्या प्रदर्शनातली सगळ्यात भारी वस्तू तो टेप होता. आयोजकांनी ते टेबल दारात आडवं लावायला पाहिजे होतं, की बाबा आधी माप काढा आणि मगच पुढं जा.

मोजमापाची ही खुर्ची म्हणजे ॲक्टिव्ह व्हीलचेअर काय प्रकार आहे तर फ्रेम घडीची नसते, एकसंध असते, मोठी चाकं बटण दाबून निघतात, पाठ घडी होते आणि गाडीच्या सीटवर सगळं सामान मावतं. साधी लोखंडी क्रोमची खुर्ची १८-२० किलोची, ही १०-१२ च्या आसपास. मी एका हातानं उचलली. मद्रास आयआयटीनं २०२५ मधी वायडी वन म्हणून ९ किलोची काढली ती पण लोकांच्या तोंडात होती. फरक चालवताना कळतो, दाजींनी एक ढकल मारली आणि ते समोरच्या स्टॉलच्या सतरंजीवर जाऊन थांबले, घरी तेवढ्यासाठी चार ढकला लागतात. मोठ्या चाकाचा आस थोडा पुढं घेतलेला असतो म्हणून हलकी पळते, पण त्यामुळंच मागं उलटायची भीती असते, म्हणून मागं दोन छोटी चाकं लावून घ्यायची, सवय झाल्यावर काढता येतात. किंमत सांगितली चाळीस हजाराच्या अल्याड-पल्याड. साध्या खुर्च्या सहा-सात हजारापासून होत्या. महाग आहे, नाही म्हणत नाही, पण दार फोडायचं एस्टिमेट पण काही कमी नव्हतं.

कुशनचा स्टॉल लहान होता पण तिथं सगळ्यात जास्त वेळ गेला. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला बसून बसून जखम होते आणि त्याला कळत पण नाही, पाठीमागं बघणार कोण. दाजींना एकदा झाली होती, भरून यायला महिने गेले. तिथल्या माणसानं एक प्रेशर मॅट खुर्चीवर टाकली, वर दाजींना बसवलं, आणि लॅपटॉपवर लाल-पिवळं-हिरवं चित्र आलं, कुठं दाब पडायलाय ते. खुर्चीच्या नुसत्या रेक्झिनवर सगळं लालभडक. घरची कापसाची उशी टाकली तरी लालच, थोडंसंच कमी. फोमवर पिवळं आलं, आणि हवेच्या कप्प्यांची गादी टाकली तर बहुतेक हिरवं. पण त्या गादीत हवा बरोबर भरायला लागते, जास्त भरली तर माणूस डुलतो, कमी भरली तर तळाला टेकतो, आणि काटा लागला की संपलं, आपल्याकडं बाभळीचा काटा पायताणातून वर येतो तिथं गादीचं काय. म्हणून दाजींनी जेल आणि फोमची घ्यायची ठरवली. त्या माणसानं एक बरं सांगितलं की गादी कोणती पण घ्या, दर पंधरा-वीस मिनिटाला दोन्ही हातावर जोर देऊन बूड उचलायचंच, ते काय गादी करणार नाही. दाजी मोटरीची कॉइल भरायला बसले की तीन-तीन तास हलत नाहीत, ताईनं तिथंच त्यांच्याकडं असं बघितलं की विचारू नका.

उभं करणारी खुर्ची पण होती. आयआयटी मद्रासनी २०१९ ला अराइझ नावानं काढली तेव्हा बातम्यात बघितलेली, लिव्हर ओढला की माणूस स्वतःच स्वतःला उभा करतो, मोटर नाही काही नाही. छातीला आणि गुडघ्याला पट्टे बांधतात. फिजिओ बाजूला थांबली आणि म्हणली हळूहळू, थोडं थोडं वर, कारण इतके दिवस बसलेल्या माणसाला एकदम उभं केलं की बीपी खाली येतं. तसंच झालं, अर्ध्यात दाजींना अंधारी आली, परत खाली घेतलं, पाणी पाजलं, दुसऱ्यांदा अजून हळू केलं. पूर्ण उभे राहिल्यावर दाजी इकडं तिकडं बघून पहिलं काय म्हणले तर "त्या पंख्याचं बेअरिंग गेलंय." आजूबाजूचे सगळे हसले. रोज थोडा वेळ उभं राहिलं की हाडं, लघवी, पोट सगळ्याला फायदा आहे असं फिजिओनं सांगितलं, पण घरी पहिले काही दिवस तरी जवळ माणूस पाहिजेच.

आता गाड्या. मांडवाच्या मागच्या बाजूला ट्रायलची जागा केली होती, आणि इथं माझी पहिली तक्रार. हिरवं कार्पेट, त्याच्यावर प्लॅस्टिकचे कोन, सपाट. असल्या जागेवर बाजेला मोटर लावली तरी पळेल. आपल्याकडं घरातून निघाल्यावर आधी अंगणातला मुरूम, मग गल्लीतले पेव्हर ब्लॉक अर्धे उखडलेले, मग काळ्या मातीची वाट, पावसाळ्यात चाकाला चिखल चिटकून चाकच फिरत नाही. पार्किंगच्या कडेला बांधकामाची खडी पडलेली होती, मी प्रत्येक स्टॉलवाल्याला म्हणलं तिकडं चला. बहुतेक जण म्हणले, "सर, डेमो पीस आहे, खराब होईल." खडीवर खराब होणारी गाडी मी गेवराई तालुक्यात कशाला नेऊ? एकच पोरगा तयार झाला.

तो खुर्चीला पुढून जोडायचं मोटरचं चाक विकत होता. या प्रकाराची आपल्याकडं चर्चा झाली ती आयआयटी मद्रासमधून निघालेल्या निओमोशन कंपनीच्या निओबोल्टमुळं, २०२१ ला आलं, ताशी २५ किलोमीटरपर्यंत जातं. आता तसले अजून पण आहेत, दाजींनी खडीवर कोणाचं चालवलं ते नाव लिहीत नाही कारण ही गोष्ट या प्रकारातच आहे. कार्पेटवर एकदम मस्त, हँडलला ॲक्सिलरेटर, ब्रेक, लाइट, हॉर्न, खुर्चीची पुढची बारकी चाकं उचलली जातात त्यामुळं खड्ड्यात अडकायचा प्रश्न नाही. पण वजन सगळं मागं आणि मोटर पुढच्या चाकात, म्हणून खडीवर आणि चढावर पुढचं चाक जागेवर गर्रकन फिरतं. दाजींनी पुढं वाकून हँडलवर भार दिला की निघतं. मुरमाच्या चढावर दोनदा तसंच करावं लागलं. डांबरी रस्ता आणि सिमेंटच्या गल्लीसाठी झकास, शेताच्या वाटेला नाही, एवढं लक्षात ठेवून घ्यायला हरकत नाही.

मग दाजींनी त्या पोराची परीक्षा घेतली. मोटर बीएलडीसी का, हॉल सेन्सर किती, कंट्रोलर कुठं बसवलाय, धुताना पाणी जाईल का, बॅटरी लिथियम का लेड ॲसिड. पोरगं आधी ब्रोशर वाचायला लागलं. दाजी म्हणले, "सेन्सर गेला तर बदलायचा कुठं?" पोरगं म्हणलं, "सर, पुण्याला पाठवा, आम्ही करून देऊ." "पुण्याला पाठवून दोन आठवडे मी घरात बसू का? वायरिंगचा कागद द्या, मीच बदलतो." कागद कंपनी देत नाही म्हणे. हाच प्रश्न मी नंतर सगळ्या स्टॉलवर विचारला, मराठवाड्यात सर्व्हिस कुठं, आणि उत्तर कुठं पुणे, कुठं नाशिक, कुठं "आमचा माणूस येतो". आठ जिल्ह्याचा भाग आहे हा, लातूर-नांदेडच्या माणसानं काय करायचं. निदान ट्यूब-टायर तरी गावातल्या सायकलच्या दुकानात मिळणारे लावा की. भरीव टायरवाल्या खुर्च्या पंक्चर होत नाहीत हे खरं, पण त्या खडीवर दात वाजवतात, दाजींना हवेचीच चाकं पसंत पडली.

स्कूटरचा विभाग माझ्या आवडीचा. साइड व्हीलची गाडी चालवणाऱ्यालाच कळतं की हिला मागं एका ओळीत तीन चाकं असतात, कंपनीचं मधलं आणि बाजूची दोन. गावाकडं वाटेवर ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्या आणि मधी उंचवटा, त्यावर मधलं चाक चढतं किंवा बाजूची दोन चढून मधलं अधांतरी फिरतं, आणि गाडी हलत नाही. वळणावर ही गाडी कलत नाही त्यामुळं वेगात वळवली की बाहेर फेकते, नवीन घेणाऱ्यानं हे आधी शिकावं. इथं एका स्टॉलला बाजूच्या चाकांना स्वतंत्र शॉकॲबसॉर्बर लावलेलं किट होतं, स्पीडब्रेकरवरून नेलं तर मधल्या चाकाची पकड सुटली नाही. माझ्या गाडीला वेल्डिंग करून लावलेला पक्का आस आहे, त्याच्यापुढं ही गादीच. रिव्हर्स पण होतं एका गाडीला, वेगळी छोटी मोटर लावून, आणि हे ज्यांना चैन वाटतं त्यांनी एकदा कॅलिपर घालून उतारावर लावलेली गाडी मागं ओढून बघावी.

एक इलेक्ट्रिक गाडी अशी होती की मागून फळी खाली येते, खुर्चीसकट आत जायचं, फळी वर, आणि खुर्चीत बसूनच हँडल धरायचं. उतरा-चढायची भानगडच नाही. ताई बघतच राहिली. दाजींची १८ इंची खुर्ची आत गेली पण दोन्हीकडून घासत, तिथं पण पुन्हा मापाचाच प्रश्न. खुर्ची खाली लॉक होते की नाही ते स्वतः हलवून बघा, नुसत्या एका बेल्टवर ठेवणारी घेऊ नका, ब्रेक मारल्यावर खुर्ची हँडलवर येईल. ही गाडी खडीवर न्यायला नाही म्हणले, म्हणून मी हिला मार्क देत नाही.

कारमधी दोन गोष्टी होत्या, हँड कंट्रोल आणि फिरती सीट. हँड कंट्रोल म्हणजे स्टिअरिंगच्या खाली एक दांडा, ढकलला की ब्रेक, ओढला की ॲक्सिलरेटर, आणि दांडे खालच्या पेडललाच जोडलेले, त्यामुळं घरातलं दुसरं माणूस पायानं पण चालवू शकतं, काही काढावं लागत नाही. ऑटोमॅटिक गाडी पाहिजे पण, नाहीतर क्लचचं वेगळं बघावं लागतं. नुसता डावा पाय अधू असेल तर साधी ऑटोमॅटिक तशीच चालते, काही लावायची गरज नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. माझा उजवा, म्हणून मला दांडाच. सिम्युलेटरवर बसवलं होतं, पहिल्या दोन मिनिटात मी ब्रेकच्या जागी ॲक्सिलरेटर ओढून एक म्हैस आणि एक रिक्षा उडवली स्क्रीनवर, मग हात बसला.

फिरती सीट ताईसाठी होती असंच म्हणा. पुढची सीट दाराकडं वळते, काही मॉडेलमधी बाहेर येऊन खाली पण उतरते, माणसाला सरकवून घ्यायचं आणि सीट आत फिरवायची. आजवर ताई दाजींना काखेत धरून पोत्यासारखं आत टाकते, दाजींचं डोकं दरवाजाच्या चौकटीला लागतं आणि तिची कंबर जाते. मारुतीनं डिसेंबर २०२५ मधी वॅगनआरला असली सीट बसवून द्यायला सुरुवात केलीय, म्हणजे आपल्या नेहमीच्या गाडीत पण हे होतंय. इथल्या स्टॉलवर दुसऱ्याचं किट होतं, बसून बघितलं, चांगलंय, फक्त उंच माणसाचे पाय वळताना दाराला अडकतात, ते हातानं उचलून घ्यावे लागतात. किंमत ऐकून चुलतभाऊ म्हणला गाडी माझी आहे बरं का. मग त्याच स्टॉलवरच्या बाईनं एक गुळगुळीत फळी दाखवली, ट्रान्सफर बोर्ड म्हणतात, एक टोक खुर्चीवर, एक गाडीच्या सीटवर, आणि त्यावरून बूड सरकवत जायचं. दोन-अडीच हजारात. ताईनं तिथंच घेतली आणि परत येताना दाजी त्याच फळीवरून गाडीत बसले, ताईनं नुसते पाय आत घेतले. गावातल्या सुताराकडून पण होईल असं दाजी म्हणायले, पण कडा गोल आणि पृष्ठभाग एकदम गुळगुळीत पाहिजे, लाकडाची बारीक फास घुसली तर त्यांना कळणार पण नाही.

गाडीत बदल करायचा तर कागद सोडू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते, किट मान्यता असलेलं पाहिजे, म्हणजे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासलेलं, ते सर्टिफिकेट स्टॉलवरच मागायचं. दोघांनी दाखवलं, एकानं "देऊ की सर नंतर" केलं, त्याचं किट मी बघायचंच सोडलं. ऑक्टोबर २०२० पासून नोंदणीच्या फॉर्मवर मालकीच्या प्रकारात दिव्यांगजन असा वेगळा रकाना आलाय, तो भरून घ्यायचा, कारण दिव्यांगासाठी बनवलेल्या गाडीला हायवेवर टोल माफ आहे पण ते आरसीवर दिसायला पाहिजे, नाहीतर नाक्यावर वाद घालत बसा. इन्शुरन्सवाल्याला पण साइड व्हील लावल्याचं कळवा, क्लेमच्या वेळी नाटकं नकोत.

सरकारी टेबल होतं एक, माहिती चांगली होती पण माणूस जेवायला गेला की तासभर गायब. युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ७ च्या जागी २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलंय ते, ग्रामपंचायतीचा ५ टक्के दिव्यांग निधी (तुमच्या ग्रामपंचायतीत तो कुठं खर्च झाला ते विचारून बघा, मजा येते), ६५ वर्षांवरच्या म्हाताऱ्यांसाठी २०२४ ची मुख्यमंत्री वयोश्री योजना, वर्षाला दोन लाखाच्या आत उत्पन्न असेल तर ३००० रुपये खात्यात. ३००० मधी कमोड खुर्ची आणि चांगली काठी येते, शेजारच्या स्टॉलवर बघितलं. दिव्यांगांसाठीच्या ई-वाहनावरच्या फिरत्या दुकानाच्या योजनेची पण माहिती लावलेली होती, दाजींनी फोटो काढून घेतला, गावोगाव जाऊन मिक्सर आणि फॅन दुरुस्त करायचा विचार डोक्यात आलाय, बघू.

आता जागेबद्दल. दिव्यांगांचं प्रदर्शन आणि मंगल कार्यालयाचा रॅम्प आचाऱ्याची भांडी चढवायचा! नियम सांगतो एक फूट चढायला बारा फूट लांबी, इथं दोन फुटाला सहा फूट फळी. दाजींना वर घ्यायला दोन पोरं लागली आणि उतरताना उलटं धरून उतरवलं. टॉयलेटला पायरी, आत भारतीय बैठक, दार तेच दोन फुटी. व्हीलचेअरवर आलेल्या बायांनी काय केलं असेल कोण जाणे, एक बाई सकाळपासून पाणीच प्यायली नाही म्हणत होती. दारासमोरच्या दिव्यांग पार्किंगमधी आयोजकांच्या दोन एसयूव्ही. हे सगळं मी त्यांच्या अभिप्रायाच्या वहीत लिहून आलोय, आणि ट्रायलला एक ट्रॉली मुरूम आणि खडी टाका हे पण.

तरी पण जाच. आमच्यापुरतं बोलायचं तर मोटर, गाडी, फिरती सीट काहीच घेतलं नाही, दाजींच्या मापाची १५ इंची खुर्ची ऑर्डर केली आणि फळी घेतली, मी शॉकॲबसॉर्बरवालं किट लावणार आहे, पण त्याआधी आरटीओत विचारून. जाताना घरातल्या सगळ्या दारांची आतली मापं, न्हाणीच्या उंबऱ्याची उंची आणि ओट्याची उंची कागदावर लिहून न्या, युडीआयडी कार्डाच्या झेरॉक्स न्या, सकाळी लवकर जा म्हणजे फिजिओ मोकळ्या असतात. आणि खुर्चीचा जो भाव सांगतात त्यात गादी धरलेली नसते बऱ्याच ठिकाणी, हाताचे दांडे आणि मागची छोटी चाकं पण वेगळी लावतात, म्हणून ॲडव्हान्स द्यायच्या आधी सगळं बिलावर लिहून मागा.